चौदा तारीख, गुरुवार

भांडुपला, जलशुद्धीकरणाच्या टेकडीखाली,
शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर माझं ग्रंथालय.
दोन हजार एकशे सहा पुस्तकं, त्यांतली नव्वद वाळवीच्या नावावर,
आणि एक संगणक, पंखा लावला की बंद पडणारा.
दर शुक्रवारी सातवी ब येते.
संध्याकाळी त्याच बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून मोठी माणसं:
रिक्षावाले शिर्सेकर, खाकऱ्यांचा धंदा करणाऱ्या हंसाबेन सावला,
आणि फेल्सी डिमेलो, जिनं एकतीस वर्षं टेलिफोन-चौकशीवर
साऱ्या मुंबईला नंबर सांगितले.

फळ्यावर मी लिहिते:
कोणी सांगितलं? कधी? त्याला कसं कळलं?
मुलं उतरवून घेतात, खाली दोन रेघा मारतात.
फेल्सी म्हणते, "आम्ही म्हणायचो, थांबा, बघून सांगते.
त्या 'बघून'चाच तर पगार होता."

मग तो मंगळवार.
बहिणीकडून मजकूर आला:
जलवाहिनीची दुरुस्ती, चौदा तारीख, गुरुवार,
दिवसभर पाणी नाही.
वर पालिकेचं चिन्ह, खाली सही, सहीवर शिक्का.
कढईत मोहरी तडतडत होती.
एका हातात झारा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं
मी तो पुढे ढकलला:
इमारतीला, शिक्षकांना, संध्याकाळच्या वर्गाला.
डाळ जळली नाही, एवढंच त्या दिवशी नीट झालं.

'बाईंनी पाठवलंय' म्हणून तो धावला.
बुधवारी रात्री आमच्या गल्लीत रिकामं भांडं उरलं नाही.
पिंपं, कळश्या, कुकर, बाळाचा टब,
शिर्सेकरांच्या रिक्षात मागच्या सीटवर तीन कॅन, पॅसेंजरासारखे.
पहाटे चारला टाकीनं तळ दाखवला.
तिसऱ्या मजल्यावरच्या पांगे आजोबांना
औषध गिळायला पाणी
शेजारून मागावं लागलं.

शुक्रवारी हुमेरा तांबोळी उभी राहिली.
"बाई, चौदा तारीख मंगळवारी होती.
चौदाला गुरुवार चार वर्षांपूर्वी आला होता.
मी मोबाइलमधलं कॅलेंडर मागे मागे नेऊन पाहिलं."
गुरुवार आम्ही सगळ्यांनी वाचला होता.
चौदा कोणीच नाही.

मी म्हटलं, चूक माझी. मुलं जरा खूश झाली.
तेवढ्यात शेवटच्या बाकावरून ओजस पडवळ:
"पण बाई, पाणी तर खरंच गेलं.
मग बातमी खरीच की!"

फळ्यावरच्या तिन्ही प्रश्नांकडे मी पाहिलं.
तिघेही गप्प.
खडू मोडला. अर्धा खाली घरंगळत कपाटाखाली गेला,
तो शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ वाकून राहिले.

ध चा मा करायला पूर्वी लेखणी तरी उचलावी लागायची.

त्या रात्री सगळ्या ग्रुपवर मी खुलासा टाकला:
मजकूर जुना होता, न तपासता पाठवला, क्षमस्व.
सात जणांनी हात जोडले.
पुढे कोणीच पाठवला नाही.

माझी आई भांडुप स्टेशनबाहेर लिंबं-मिरच्या विकायची.
अक्षर एक येत नव्हतं.
बँकेत कर्जाचा कागद पुढे आला की म्हणायची,
"वाचून दाखवा."
वाचला की, "परत एकदा."
मग कोपऱ्यावर बोट ठेवून, "आणि हे बारीक काय लिहिलंय?"
मागे रांग चुळबुळायची, कारकून पेन आपटायचा,
मी, आठवीतली, लाजेनं जमिनीत जायची.
सगळं ऐकून झाल्यावरच ती अंगठा शाईत टेकवायची,
कागदावर दाबायची,
आणि उरलेली शाई केसांना पुसायची.

दिव्याखाली धरून पाहते आता माझा.
स्वच्छ आहे.
कधी शाईच लागली नाही त्याला.